पुंगळी कुठे पडते

दसरा उलटला की मुंबईत जो उकाडा सुरू होतो, त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलणारं माणूस मला अजून भेटायचंय. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो. गिरगावात आमच्या गॅलरीत नऊला वाळत घातलेला टॉवेल दहाला पापडासारखा कडक होतो. ऑफिसला निघेपर्यंत पाठ ओली झालेली असते. तरीही हे दिवस आले की माझा जीव हलका होतो. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मी काळी पेटी काढते, कुलूप उघडते आणि अळशीच्या तेलाचा वास खोलीभर पसरतो.

पेटीत पिस्तूल आहे. हे वाक्य ऐकलं की समोरच्याचा चहाचा कप हवेतच थांबतो, म्हणून पुढचं घाईघाईने सांगावं लागतं. नेमबाजीचं आहे, स्पर्धेचं आहे, परवान्याचं आहे. छोट्या गोळीचं, पॉइंट टू टू. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या असतात. एक सुटली की तिची रिकामी पुंगळी आपोआप उजवीकडे उडते आणि पुढची गोळी आपोआप जागेवर येते. बोट मात्र दर वेळी आपणच दाबायचं आणि दर वेळी आपणच सैल सोडायचं. सैल सोडणं हे दाबण्याइतकंच महत्त्वाचं असतं. हे मला उशिरा कळलं, आणि ज्या मोसमात कळलं तोच मोसम हे ऑक्टोबरचे दिवस दर वर्षी परत घेऊन येतात.

चार वर्षं झाली त्याला. मी तेव्हा चव्वेचाळीसची होते. विम्याच्या ऑफिसात वीस वर्षं कीबोर्ड बडवलेला. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल चालवली होती, तेवढंच. मग संसार. मुलगा हॉस्टेलला गेला त्या वर्षी एका रविवारी परळच्या बाजूला एका जुन्या शेडमधल्या रेंजवर सहज गेले आणि तिथेच अडकले. नवरा, अजित, सुरुवातीला म्हणाला, "योगा वगैरे काही नव्हतं का?" नंतर त्यानेच परवान्याच्या कागदांसाठी माझ्याबरोबर चार चार खेपा घातल्या.

दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर शिकले आणि मग हे जुनं इटालियन बनावटीचं पिस्तूल विकत घेतलं. आधीचा मालक सहा फुटी गृहस्थ होता, त्याच्या पंजाला बेतलेली लाकडी मूठ होती. माझ्या हातात ती म्हणजे लहान मुलाने बापाचा बूट घालावा तशी. आणि दुसरी गोष्ट, ते अडायचं. वीस-पंचवीस गोळ्या छान जायच्या आणि मग एखादी पुंगळी बाहेर पडताना दारातच अडकून उभी राहायची. कधी पुढची गोळी तिरकी शिरायची. क्लबचे प्रशिक्षक नाडकर्णी सर. स्पष्टवक्ते, मनाने चांगले. ते म्हणाले, "विकून टाक हे. दगाबाज मशीन आहे. राज्य स्पर्धेच्या निवडीत नाव हवं असेल तर क्लबचंच वापर."

मी विकलं नाही. हात लांब करून उभं राहिलं की ते ज्या शांतपणे निशाणावर स्थिरावायचं, तसं क्लबचं एकही पिस्तूल स्थिरावत नव्हतं. चांगल्या वस्तूची ओळख हाताला आधी पटते आणि डोक्याला मागाहून. मी नाडकर्णी सरांना म्हटलं, "दुरुस्त होणार नाही का?" तेव्हा त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यांना विचार."

कोपऱ्यात एका टेबलामागे सावंतकाका बसायचे. पोलिसांच्या शस्त्रागारात तीस-पस्तीस वर्षं आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करण्यात घालवलेले. निवृत्तीनंतर आमच्या रेंजवर तेच काम रीतसर परवान्यावर करायचे. सडपातळ, पांढरी मिशी, शर्टाच्या खिशात घड्याळजींची एका डोळ्याला लावायची काच. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, रिकामं आहे याची दोनदा खात्री केली, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली आणि डोळे मिटले. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं ऐकत होते.

"मॅडम, ह्याला कोणी दगाबाज म्हणाला?"

मी सरांचं नाव घेतलं नाही. "सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी किती गोळ्या मारल्या ह्याच्यातून?"

मी मनात मोजू लागले.

"मग आपण आधी बघू. मग म्हणू."

भरवसा ही गोष्ट आपण किती ढिलाईने वापरतो, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत आपण कुणावरही एका अनुभवात भरवसा ठेवतो आणि एका अनुभवात काढून घेतो. काका तसं करायचे नाहीत. त्यांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी आधी पिस्तूल पूर्ण उघडून साफ केलं, बाकी काही केलं नाही. जिथे गोळी बसते त्या खोलगट जागेत वर्षानुवर्षांची काजळी दगडासारखी बसली होती, ती तांब्याच्या ब्रशने दोन दिवस घासून काढली. मग शंभर गोळ्या मारून पाहिल्या. मग माझ्या तिन्ही मॅगझिनांवर काकूंच्या लाल नेलपेंटने एक, दोन, तीन ठिपके काढले, म्हणजे अडलंच तर कुठल्या मॅगझिनला अडलं ते कळावं. मग एक स्प्रिंग बदलली आणि पुन्हा शंभर. गोळ्यांचा डबा तोच. वेळही तीच, सकाळची.

मारलेल्या पुंगळ्या ते फेकायचे नाहीत. अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने उभ्या करायचे आणि ती काच डोळ्याला लावून एकेक वाचायचे. पुंगळीच्या काठावर बसलेला घाव, कडेचा ओरखडा, काळ्या धुराची रेघ. मला सगळ्या सारख्याच दिसत. ते म्हणायचे, "ही बघा, ही सतरावी. हिच्या कडेला पुंगळी ओढणारं नख बरोबर लागलंय. मशीनने आपलं काम केलंय." एवढीशी पितळेची नळी, आपण झाडून कचऱ्यात टाकतो ती, आणि हा माणूस तिच्याकडून साक्ष काढत होता. मी ऑफिसात रोज माणसांचे दावे तपासत होते, पण असं नुसत्या डोळ्यांनी ऐकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मुठीचं काम त्यांनी घरी काढलं. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची खोली होती. इमारत पाडायची म्हणून अर्धी माणसं निघून गेली होती, जिन्यावर रिकाम्या खोल्यांची दारं वाऱ्याने आपटत होती, पण काकांच्या खोलीत मात्र कढीपत्त्याच्या फोडणीचा वास होता. काकूंनी मला पाटावर नाही, स्टुलावर बसवलं आणि काकांना म्हणाल्या, "कणीक मळलंय. घट्ट केलंय, मीठ घालून. आता काय करूचा ता तुमी करा."

कणकेचा गोळा एका पट्टीवर थापून काकांनी तो माझ्या हातात दिला. "पिस्तूल धरता तसं धरा. दाबू नका. नुसतं धरा."

मी धरलं. माझी बोटं, माझा तळवा, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा, सगळं त्या कणकेत उमटलं. काका तो ठसा खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत राहिले. अंगठ्याच्या बुडाशी त्यांनी स्वतःचं बोट फिरवलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी विचारलं, "नीट नाही आला का?"

"आला. नीटच आला," ते म्हणाले.

लाकडासाठी आम्ही रे रोडला गेलो. तिथल्या वखारींमध्ये शिसमाचा तुकडा मिळेल असं काका म्हणाले होते. वखारवाल्याने विचारलं, "क्या बनाना है काका, दरवाजे का हैंडल?" काकांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "इनके हाथ के नाप का कुछ." त्याने काय समजून घेतलं कुणास ठाऊक, पण ढिगातून वीतभर लांबीचा, जांभळट काळा तुकडा काढून दिला. काकांनी तो नखाने खरवडला, हुंगला, कानाशी धरून टिचकी मारली. मला हसू आलं, पण हसले नाही. माझ्या आयुष्यात माझ्या मापाची म्हणून घडवली जात असलेली ती पहिलीच वस्तू होती. शाळेचा गणवेशसुद्धा मी वाढत्या अंगाचा घातला होता.

तीन आठवडे ते ती मूठ घडवत होते. करवत, मग कानस, मग पॉलिश पेपर. दर दोन दिवसांनी मला रेंजवर हातात देऊन विचारायचे, "कुठे टोचतं?" मी म्हणायचे, "कुठे नाही." ते म्हणायचे, "टोचत नाही असं नसतं. सांगता येत नाही असं असतं." आणि खरोखरच पाचव्या-सहाव्या वेळी मला सांगता यायला लागलं. मधल्या बोटाखाली, जरा आत. करंगळीला जागा कमी. ती मूठ मला माझा हात शिकवत होती. शेवटी अळशीच्या तेलाचा हात दिला, सुकवला, पुन्हा दिला. ज्या सकाळी मी ती पहिल्यांदा धरली, त्या सकाळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाशी हात मिळवावा आणि त्याने तेवढ्याच मायेने तो धरावा, तसं वाटलं.

आणि त्याच सकाळी, तेविसाव्या गोळीला, पिस्तूल पुन्हा अडलं.

आता जे सांगायचंय ते मला सोपं नाही. ते का अडलं, याचा मला अंदाज होता. गणपतीत एकवीस मोदकांच्या पाकळ्या काढताना माझ्या उजव्या हाताची पहिली तीन बोटं बधिर झाली होती. सकाळी उठल्यावर हात झटकल्याशिवाय ब्रश धरता येत नव्हता. ऑफिसात कागदाचं पान उलटताना ते आहे की नाही तेच कळायचं नाही. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, अजितलाही नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी क्लबच्या संघात शिरू पाहणाऱ्या बाईने हात बधिर होतो म्हटलं, की तिची जागा एकवीस वर्षांच्या मुलीला मिळते. आणि ते योग्यही असतं. म्हणून मी गप्प राहिले आणि एक म्हातारा माणूस माझ्या पिस्तुलाच्या स्प्रिंगा बदलत राहिला.

पुढच्या रविवारी काकांनी घरून एक जुनी चादर आणली, फिकट निळी, कडेला उसवलेली. नेम धरायच्या जागेच्या उजवीकडे ती जमिनीवर अंथरली. "आधी मी," म्हणाले. त्यांनी पंचवीस गोळ्या मारल्या. प्रत्येक पुंगळी उडून चादरीच्या मधोमध, ताटाएवढ्या जागेत पडली. त्यांनी त्या जागेभोवती खडूने गोल काढला. "आता तुम्ही."

मी मारू लागले. पहिल्या दहा त्यांच्या गोलात. मग एक गोलाच्या काठावर. मग एक अलीकडे. बाविसावी माझ्या चपलेपाशी पडली. चोविसावी पडलीच नाही, दारात अडकून उभी राहिली.

मी मान वळवली. काका पिस्तुलाकडे पाहत नव्हते. ते माझ्या मनगटाकडे पाहत होते.

पिस्तूल खाली ठेवायला लावून, रिकामं करून, त्यांनी मला बाकावर बसवलं. शेजारी बसले. हलक्या आवाजात म्हणाले, "गोळी सुटली की स्लाइड मागे जाते. तिला मागे जायला समोर टणक हात लागतो. हातच तिच्याबरोबर मागे आला तर तिचा जोर जातो, आणि पुंगळी जवळ पडते. मशीन तेच आहे. चादर तीच आहे." मग थोडं थांबून, "बाय, सकाळी हात झिणझिणतो ना?"

मॅडमची बाय झाले, ते आधी माझ्या लक्षात आलं. प्रश्न नंतर.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कणकेत कळलं. अंगठ्याच्या बुडाला जे मांस असतं ते तुझं बसलंय. आमच्या हिचं तसंच झालं होतं. पस्तीस वर्षं खानावळीच्या पोळ्या लाटल्या तिने. पण एका खुणेवरून बोलणं बरोबर नाही, म्हणून चादर आणली."

म्हणजे त्यांनी माझाही निवाडा पिस्तुलासारखाच केला होता. घाई न करता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाले, "काका, कुणाला सांगू नका. डिसेंबरची निवड होऊ दे. मग दाखवते डॉक्टरला."

"हे चूक आहे," ते म्हणाले. "पण हात तुझा आहे."

त्यांनी शब्द पाळला. आणि त्याची किंमत मी रोज पाहत होते. रेंजवर चेष्टा सुरू झाली होती. "काकांना एक पिस्तूल जमेना." "काका, आता वय झालं, दुसऱ्याला दाखवा की." नाडकर्णी सरसुद्धा एकदा सर्वांसमोर म्हणाले, "सावंत, तुमचा हातगुण गेला वाटतं." तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या सहीवर हत्यारं बाहेर पडली, तो माणूस मिशीवरून हात फिरवत नुसतं म्हणायचा, "बघतोय. बघतोय अजून." मी शेजारी उभी असायचे. एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकले असते. मी पाण्याची बाटली तोंडाला लावायचे.

त्या दिवसांत त्यांनी मूठ पुन्हा थोडी तासली, मनगट सरळ राहावं म्हणून. मला दर दहा गोळ्यांनंतर हात खाली सोडून मोजून शंभर श्वास घ्यायला लावले. अडणं जवळजवळ थांबलं. पण पिस्तूल बरं झालं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते आजारीच नव्हतं.

निवडीची स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. सकाळी सावकाश मारायच्या तीस गोळ्या माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या गेल्या. हात शांत, मूठ शांत. मी मागे वळून पाहिलं तर प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि काकू बॅगेतून लाडवांचा डबा काढत होत्या. दुपारी झटपट मारायच्या तीस. त्यात हिरवा दिवा तीन सेकंद लागतो, तेवढ्यात हात खालून वर आणून एकच गोळी मारायची. मग सात सेकंद लाल. असं पाच वेळा. शेवटच्या फेरीला मी उभी राहिले तेव्हा संघात जागा जवळजवळ पक्की होती.

चौथ्या दिव्याला मी हात वर आणला, बोट दाबलं आणि काहीच झालं नाही.

तीन सेकंद फार मोठे असतात. त्यात मला कळलं की पिस्तूल अडलेलं नाही. तिसऱ्या गोळीनंतर माझं बोट पुरतं पुढे आलंच नव्हतं. ट्रिगर अर्ध्यात दाबलेलाच राहिला होता आणि बधिर बोटाला त्याचा पत्ता नव्हता. दिवा लाल झाला. पिस्तूल अडलं तर डावा हात वर करायचा असतो, पंच येऊन तपासतात, दोष पिस्तुलाचा निघाला तर फेरी पुन्हा मिळते. मागून नाडकर्णी सरांचा खोकला ऐकू आला. हात वर कर, असं सांगणारा. आमच्या क्लबमधल्या प्रत्येकाला खात्री होती की त्या पिस्तुलाने दगा दिलाय. मी हात वर केला नाही. बोट पूर्ण सैल सोडलं, ट्रिगर टिक करून पुढे आला तो आवाज मला तळव्यात नाही, कानात कळला. पाचवी गोळी दहाच्या कड्यात गेली. चौथीच्या जागी शून्य.

माझी जागा दोन गुणांनी गेली.

बाहेर मांडवात चहा होता. नाडकर्णी सर तावातावाने आले. क्लबची सात-आठ माणसं भोवती. "हात वर का नाही केलास? मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, ते मशीन विक म्हणून. आणि सावंत, तुम्ही दोन महिने काय केलंत त्याचं?"

काका चहाचा कप हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "बघतो पुन्हा उघडून."

तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"सर, पिस्तुलाला काही झालेलं नाही. माझा हात बधिर आहे. गणपतीपासून. काकांना माहीत होतं. मीच सांगू नका म्हणाले होते. त्यांनी केलेलं काम सोन्यासारखं आहे, तुम्ही आत्ता घेऊन शंभर गोळ्या मारा."

नाडकर्णी सरांनी खरोखरच संध्याकाळी रेंजवर येऊन पंचवीस गोळ्या मारल्या. निळ्या चादरीवर एकाही पुंगळीने गोल सोडला नाही. सर वाकले, एक पुंगळी उचलली, तळहातावर फिरवली आणि काकांसमोर जाऊन म्हणाले, "सावंत, चुकलो." काका म्हणाले, "चहा घेऊया." एवढंच झालं. मी मात्र घरी येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून रडले. गेलेल्या दोन गुणांसाठी रडत होते की त्या दोन महिन्यांसाठी, अजून सांगता येत नाही. रडतच अजितला सगळं सांगितलं. त्याने हात पुढे केला आणि माझी बोटं एकेक दाबत म्हणाला, "हे कळतंय? हे?"

चांगली माणसं आणि चांगली हत्यारं यांच्याविषयी बोलताना आपण न चुकण्याचं कौतुक करतो. काकांकडून मी वेगळं काहीतरी पाहिलं. ते म्हणायचे, अडत नाही असं मशीन जगात नाही. का अडलं ते विचारलं तर खरं सांगतं, ते चांगलं मशीन. त्या हिशेबाने त्या मोसमात आमच्या तिघांमध्ये, काका, पिस्तूल आणि मी, सर्वांत उशिरा भरवशाची झाले ती मी.

जानेवारीत हाताचं ऑपरेशन ठरलं. दादरचं एक लहानसं हॉस्पिटल, सकाळी जायचं, दुपारी घरी. काका आदल्या आठवड्यात माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आले होते, मी बोलावलं नव्हतं तरी. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "नस मोकळी करता म्हणजे नेमकं काय कापता?" "नंतर हात कधी वापरायचा? एकदम वापरायचा की थोडा थोडा वापरून बघायचा?" "परत अडला तर पहिली खूण काय?" तरुण डॉक्टर आधी गोंधळले, मग पेन काढून कागदावर मनगट काढून त्यांना सगळं समजावू लागले. दोघं त्या चित्रावर वाकले होते आणि मी, जिचं मनगट होतं ती, भिंतीवरचा व्हिटॅमिनचा तक्ता वाचत बसले होते.

ऑपरेशनच्या दिवशी अजित गाडी लावायला जागा शोधत शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारत होता. मला हिरवा गाऊन घालून खाटेवर झोपवलेलं. सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. बरोबर कोण आहे, त्यांनी सही करा म्हणाल्या. काका पुढे झाले. चष्मा लावला, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, नाव लिहिलं, सही केली आणि फॉर्म परत दिला.

सिस्टरने तो पाहिला, मग काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रुग्णाशी नातं, इथे यांनी आर्मरर लिहिलंय. आर्मरर म्हणजे कोण? खोडून काय लिहू, वडील की सासरे?"

काका ओशाळून म्हणाले, "सवयीने गेलं हातातून. काढा ते."

"खोडू नका, सिस्टर," मी म्हणाले. "बरोबर लिहिलंय."